अकरा महिन्यांचा शेजारी

मुंबई विद्यापीठाला समुद्राकाठचे विद्यापीठ म्हटले तर कुणी हरकत घेऊ नये. १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाची जुनी इमारत फोर्टमध्ये ओव्हल मैदानाला लागून उभी आहे. ती बांधली गेली तेव्हा समुद्र तिच्यापासून आजच्यापेक्षा पुष्कळ जवळ होता. मधली जमीन भर घालून नंतर तयार झाली. पण मला इमारतीपेक्षा विद्यापीठाची हद्द महत्त्वाची वाटते. पालघर, ठाणे, मुंबई, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, म्हणजे डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा महाराष्ट्राचा सगळा किनारा या एकाच विद्यापीठाच्या हद्दीत येतो. म्हसळा, श्रीवर्धन, दापोली, खेड, राजापूर या भागातल्या आपल्या मुलामुलींना पदवी गावाजवळ मिळते. एम.ए., एम.एस्सी., संशोधन असे काही मनात आले की पुष्कळांना बोचके उचलून कलिन्याच्या विद्यानगरीत यावे लागते. वसतिगृहात सगळ्यांना जागा मिळत नाही. यादी लागते, यादीत नाव नसते, आणि मग जून-जुलैच्या पावसात खोलीचा शोध सुरू होतो.

ही परीक्षा कुठल्याही वेळापत्रकात छापलेली नसते. मात्र ज्यांनी ती दिली आहे त्यांना तिचे सगळे पेपर पाठ आहेत.

कलिन्याचे दप्तरी नाव कोळेकल्याण. विद्यापीठाच्या आवाराभोवती ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची जुनी गावठाणे आहेत, पलीकडे वाकोल्याच्या चाळी आणि सोसायट्या आहेत. सी.एस.टी. रोडने मिठी नदी ओलांडली की कुर्ला लागतो. दक्षिणेला वांद्रे-कुर्ला संकुल आहे. तिथे बँका आल्या, हिऱ्यांचा बाजार आला, आणि त्यांच्या मागोमाग पगारदार तरुण आले. चौघे मिळून फ्लॅट घेणारे हे पगारदार आणि गावाहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर (आता ती मोबाईलवर येते एवढेच) जगणारा विद्यार्थी एकाच दलालापुढे रांगेत उभे राहतात. भाडे कोणाच्या हिशेबाने ठरत असेल ते सांगायला नको. त्यावर अनामत रक्कम, दलालाचे एक महिन्याचे भाडे, कराराची नोंदणी, मुद्रांक, पोलिसांकडे द्यायची माहिती. करार अकरा महिन्यांचा. बारावा महिना लागण्याआधी पुन्हा करार, पुन्हा दलाली, नाहीतर पुन्हा बोचके.

इथपर्यंतची अडचण पैशाची आहे आणि ती सर्व जातिधर्मांच्या गरीब मुलांना सारखी आहे. तिच्यावर निबंध लिहिण्याचे कारण नव्हते. ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहितो आहे तो भाडे ठरल्यानंतर येतो. ‘आडनाव काय म्हणालात?’

आपल्या महाराष्ट्रातल्या मुसलमानांच्या आडनावांची एक गंमत आहे. देशमुख, पाटील, इनामदार, चौगुले, देसाई ही आडनावे आपल्यातही आहेत. गावावरून पडलेली, शेवटी ‘कर’ लागणारी तर कितीतरी. त्यात पहिले नाव समीर किंवा कबीर असले की नुसते ऐकून काही कळत नाही. आणि भाषा तर आपली मराठीच. माझ्या परिचयातल्या एका मुलाचे असेच झाले. रत्नागिरी जिल्ह्यातला मुलगा, अर्थशास्त्रात एम.ए. करायला आलेला, नाव आणि आडनाव दोन्ही दोहोंकडे चालणारे. वाकोल्याच्या एका घरमालकांनी फोनवर त्याचे मराठी ऐकले आणि ते खूश झाले. ‘कोकणातले का? आमचं आजोळ गुहागरचं.’ भाड्यात थोडी सूटही देऊ केली. दुसऱ्या दिवशी करारासाठी त्याने आधार कार्ड पुढे ठेवले. त्यावर वडिलांचे नाव होते. घरमालकांनी ते दोनदा वाचले. मग त्यांनी मुलाला बसायला सांगितले, आतून चहा मागवला, घेतलेले बयाण्याचे पैसे मोजून परत केले आणि म्हणाले, ‘वाईट वाटून घेऊ नका. माझं काही नाही हो, सोसायटी ऐकणार नाही.’

मुलगा मला म्हणाला, ‘काका, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो चहा काही गळ्याखाली उतरेना.’

नैतिक प्रश्न इथे सुरू होतो असे मला वाटते. दुष्ट माणसाने दार बंद केले तर त्यात विचार करण्यासारखे फारसे काही नसते. पण ज्याला वाईट वाटते आहे, जो चहा देतो आहे, पै अन् पै परत करतो आहे, असा सज्जन गृहस्थ जेव्हा दार बंद करतो तेव्हा नेमके काय घडते? ‘माझं काही नाही’ या वाक्यातला ‘मी’ कुठे गेलेला असतो?

सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारावे, तर तोही हेच म्हणेल की आपले काही नाही, सभासद तक्रार करतात. सभासदांना विचारले तर प्रत्येक जण म्हणेल, आपले काही नाही हो, पण इतरांचे तसे आहे. चाळीस घरांच्या इमारतीत असे चाळीस निरपराध लोक सापडतात आणि तरी मुलगा बॅग घेऊन रस्त्यावर असतो. महाराष्ट्रातल्या सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे घर भाड्याने देताना सभासदाने सोसायटीला कळवायचे असते, तिची मर्जी मिळवायची नसते. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी जास्तीचे जे शुल्क घेते त्यावरही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे ‘सोसायटी ऐकणार नाही’ याला कागदोपत्री बहुतेक वेळा आधार नसतो. पण तो आधार कुणी शोधतही नाही. कारण सोसायटी हे नाव न घेता नकार देण्याचे एक सोयीचे साधन झाले आहे. अपराध वाटून घेतला की कुणाच्याच वाट्याला बोचेल एवढा येत नाही. माझे मत असे की वाटून घेतलेला नकार हा एकट्याने दिलेल्या नकारापेक्षा हलका मानू नये. एकट्याच्या नकाराशी निदान भांडता तरी येते.

तरीही घरमालकाची बाजू तिच्या पूर्ण बळाने मांडली पाहिजे, नाहीतर ही चर्चा आपल्यापुरती रडगाणे होईल. तो म्हणतो, घर माझे आहे. आयुष्यभराच्या कमाईचे आहे. मी दुकान उघडून बसलेलो नाही. माझ्या घरात कोण झोपणार, माझ्या भिंतीपलीकडे कोण राहणार, हे ठरवण्याचा हक्क मला नसेल तर मालकीला अर्थ काय? या बोलण्यात तथ्य आहे. मुंबईच्या घरमालकाच्या मनात जुनी भीतीही आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला दिलेल्या संरक्षणामुळे एकदा आत आलेला माणूस पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही, पागडीचा व्यवहार झाला की मालक नावापुरता उरतो, हे त्याने चाळीचाळींत पाहिले आहे. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि अकरा महिन्यांच्या परवान्याच्या करारात ही भीती बरीच कमी झाली, तरी ती रक्तातून गेलेली नाही. ‘कोण कसा निघेल’ हा प्रश्न तो सगळ्यांनाच विचारतो. एकट्या मुलाला, एकट्या मुलीला, मासे खाणाऱ्याला, परप्रांतीयाला. आपले नाव त्या यादीत बरेच वर आहे एवढाच फरक.

पण ‘घर’ या एका शब्दात इथे तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. एखादी विधवा बाई आपल्या दोन खोल्यांतली एक खोली कॉलेजच्या मुलीला देते, न्हाणीघर एक, चूल एक. इथे तिने माणूस पारखून घेतला तर मी तिला दोष देणार नाही. दुसरा प्रकार, गुंतवणूक म्हणून घेतलेला, कुलूप लावून ठेवलेला फ्लॅट. मालक राहतो दुसरीकडे, इथे येतो फक्त भाडे. हा व्यवहार आहे, आणि व्यवहारात ‘माझ्या घरात कोण झोपणार’ ही भाषा उसनी आणलेली असते. तिसरा प्रकार म्हणजे अख्खी सोसायटी, जिथे घर एकाचे आणि नकार दुसऱ्याचा. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याच्या आत, एप्रिल १९६८ मध्ये, घर देताना वंश, रंग, धर्म पाहून नाकारण्याला बंदी करणारा कायदा झाला. त्या कायद्यातही मालक स्वतः राहत असलेल्या चारपर्यंत घरांच्या छोट्या इमारतीला बरीच सूट ठेवलेली आहे. म्हणजे घरपण आणि धंदा यांत रेघ ओढता येते, ती ओढणे अवघड असले तरी अशक्य नाही.

आपल्यापैकी कित्येकांची मुले आज कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या विद्यापीठांत शिकतात. तिथेही खोली मिळणे सोपे नाही. सांता बार्बराच्या विद्यापीठाला लागून आयला व्हिस्टा नावाची विद्यार्थ्यांचीच वस्ती आहे, समुद्र दारात असल्याने भाडी भारी, आणि एका खोलीत तिघे तिघे राहतात. पण तिथल्या घरमालकाने धर्म पाहून नकार दिला तर तक्रार करायला सरकारी दार आहे. तेव्हा चमत्कारिक स्थिती अशी की मिरा रोडला राहणाऱ्या बापाच्या मुलाला पॅसिफिकच्या काठी जो हक्क आहे तो त्याच्या धाकट्या बहिणीला कलिन्यात नाही.

आपल्याकडे न्यायालयासमोर हा प्रश्न वेगळ्याच वाटेने आला. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीने सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा नियम केला होता. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्यात आपले सभासद ठरवण्याचे स्वातंत्र्य येते असे मानले. या निकालाकडे आपण कसे पाहावे? पारशी समाज संख्येने किती लहान आहे हे सर्वांना ठाऊक आहे. लहान समाजाने एकत्र राहावेसे वाटणे समजू शकते. आपल्याला स्वतःला ते समजते, कारण आपणही मोहल्ल्याची ऊब जाणतो. पण हाच हक्क जेव्हा संख्येने मोठा असलेला समाज वापरतो तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. लहान समाजाने दार लावले तर एक इमारत बंद होते. मोठ्याने लावले तर शहरच बंद होते. हक्काचे शब्द तेच राहतात, परिणाम तो राहत नाही. न्यायालयापुढे शब्द होते. विद्यार्थ्यापुढे परिणाम असतो.

अरबीत एक जुनी म्हण आहे, घर पाहण्याआधी शेजारी पाहा. आपल्याकडे ती वाझमध्ये बरेचदा ऐकायला मिळते. आता गंमत अशी की वाकोल्याचे ते घरमालकही नेमके हेच करत होते. शेजारी पाहून मगच घर. मग चूक कुठे झाली? मला वाटते ‘पाहा’ या शब्दात झाली. त्यांनी शेजारी पाहिला नाही, त्याच्या बापाचे नाव वाचले. मुलगा समोर बसलेला होता. तो सिगारेट ओढतो का, रात्री किती वाजता येतो, गावी कुणाकडे चौकशी करता येईल, यातले काहीही विचारले गेले नाही. सूरे निसाच्या छत्तिसाव्या आयतीत ज्यांच्याशी चांगले वागायचे त्यांची यादी आहे. तिच्यात नात्यातला शेजारी येतो आणि त्याच्या लगेच मागे परका शेजारीही येतो. परका हा शब्द तिथे मुद्दाम आहे. नात्यातल्याशी चांगले वागायला हुकमाची गरज कमीच पडते.

२६ जुलै २००५ चा दिवस या भागाला विसरता येणार नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी कलिन्यात आणि कुर्ल्यात शिरली, बसगाड्या पाण्याखाली गेल्या. त्या रात्री अनोळखी माणसांना लोकांनी घरात घेतले, सुके कपडे दिले, खिचडी वाढली. मशिदींतून आणि देवळांतून माणसे झोपली. नाव विचारून कुणी दार उघडले असे ऐकिवात नाही. ही मुंबईची मोठी गोष्ट आहे आणि ती सांगताना आजही अभिमान वाटतो. पण मग मनात येते की २६ जुलैला जे दार उघडले ते ऑगस्टमध्ये भाड्याने का उघडत नाही? फुकट मिळाला तो आसरा दाम मोजून का मिळत नाही?

याचे एक उत्तर असे की आसरा देताना देणारा वर असतो आणि घेणारा खाली. एका रात्रीची मेहेरबानी मनाला बरी वाटते, आणि पाहुणा सकाळी जातो. भाडेकरू मेहेरबानी मागत नाही. तो पैसे टाकतो, करार मागतो, जिन्यात बरोबरीने उभा राहतो, पाणी आले नाही तर तक्रार करतो. परक्याला मदत करणे आपल्याला जमते, परक्याला बरोबरीचा मानणे जड जाते. मदीनेच्या इतिहासातला एक प्रसंग या संदर्भात मला नेहमी आठवतो. मक्केहून आलेल्या मुहाजिरांना अन्सारांनी भाऊ म्हणून वाटून घेतले. साद बिन रबीअ यांनी अब्दुर्रहमान बिन औफ यांच्यापुढे आपली अर्धी मालमत्ता ठेवली. अब्दुर्रहमाननी दुआ दिली आणि बाजार कुठे आहे तेवढे दाखवा म्हणाले. दुसऱ्याच्या औदार्यावर राहण्यापेक्षा त्यांना खुला बाजार हवा होता. आपला विद्यार्थी यापेक्षा जास्त काय मागतो? तो फक्त बाजाराची वाट विचारतो आहे. त्याला चहा नको आहे.

आता खोट्याचा प्रश्न. हा प्रश्न मला पालक विचारतात, आणि दबक्या आवाजात विचारतात. ‘मुलाने फोनवर पूर्ण नाव सांगितलं नाही तर गुन्हा आहे का?’ ‘मुलीने मैत्रिणीच्या नावावर खोली घेतली तर?’

या प्रश्नाचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा दाखला डॉ. आंबेडकरांचा आहे. १९१७ साली ते परदेशातले शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी पारशांच्या एका पथिकाश्रमात पारशी नाव लिहून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी आले आणि त्यांना बाहेर काढले. शहरातल्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला, दोघांनीही अडचणी सांगितल्या. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. जगातल्या नामांकित विद्यापीठात शिकलेल्या त्या माणसाला खोटे नाव लिहावे लागले, यात खोटेपणा कुणाचा?

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ साली एक छोटा लेख लिहून असे प्रतिपादन केले की खुनी माणूस दारात येऊन तुमचा मित्र घरात लपला आहे का असे विचारू लागला तरी त्याच्याशीसुद्धा खोटे बोलण्याचा हक्क आपल्याला नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात या उदाहरणावर अजून वाद होतात. मी कांटशी वाद घालण्याच्या योग्यतेचा नाही. पण त्याच्या गोष्टीत विचारणारा बाहेर आहे आणि लपणारा आत. आपल्या गोष्टीत विचारणारा आत बसला आहे आणि लपणारा पावसात उभा आहे. शिवाय जे विचारण्याचा कुणाला हक्कच नाही ते न सांगणे याला खोटे म्हणता येत नाही, असे मला वाटते. भाडे किती, किती जण राहणार, किती महिने, हे खरेच सांगितले पाहिजे. करारावर आणि पोलिसांच्या कागदावर खरेच नाव लिहिले पाहिजे. तिथे लपवाछपवी कायद्याने चूक आहे आणि शहाणपणाचीही नाही. पण फोनवर ‘मी समीर बोलतोय, एम.ए. करतो’ एवढे बोलून थांबणारा मुलगा माझ्या दृष्टीने निर्दोष आहे. त्याचे ओझे प्रश्न विचारणाऱ्याच्या नियतीवर आहे.

तरीही मी कुणाला तसा सल्ला देत नाही. कारण पापपुण्याचे नाही, किमतीचे आहे. अर्ध्या नावावर मिळालेली खोली अर्धीच मिळते. मालकाला पुढे कळले आणि त्याने चालवून घेतले, तरी मुलगा जिन्यात दबून चालतो. ईदला गावाहून आलेला डबा दार लावून उघडतो. आई भेटायला येणार म्हटली की स्टेशनवरच भेटतो. अकरा महिने आपल्याच खोलीत पाहुण्यासारखे राहायचे आणि वर अभ्यास करायचा. एका मुलीने सांगितले की तिने रोजा घराच्या चुलीवर कधी सोडलाच नाही, ग्रंथालयाच्या पायरीवर खजूर खाऊन सोडला. ती हसत सांगत होती. मला हसू आले नाही.

मग पालक म्हणतात, ‘त्यापेक्षा आपल्यातच बरं.’ कुर्ला जवळ आहे, नाहीतर मुंब्रा आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंब्रा आणि मिरा रोड कसे वाढले हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे, त्या भीतीला कुणी खोटी म्हणू नये. पण मुंब्र्याहून रोज लोकलला लोंबकळत कुर्ल्याला उतरायचे, तिथून पुढे कलिना, आणि संध्याकाळी ग्रंथालयात खरे काम सुरू होण्याच्या वेळी परतीची गाडी गाठायची, यात शिक्षणाचे किती तास जातात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. त्याहून मोठे नुकसान तासांत मोजता येत नाही. रत्नागिरीच्या मुलाने यवतमाळच्या मुलाशी आणि सोलापूरच्या मुलाने सावंतवाडीच्या मुलाशी रात्री दोन वाजता एका कॉटवर बसून वाद घालावा, याच्यासाठीही विद्यापीठ असते. हे वाद वर्गात होत नाहीत, खोलीवर होतात.

आणि ‘आपल्यातच’ म्हणजे तरी कुणात? इथे आपल्याच लोकांना थोडे कडू लागेल असे बोलावे लागते. कुर्ल्यात, मुंब्र्यात, मिरा रोडला आपलेही घरमालक आहेत. त्यांचेही प्रश्न आहेत. ‘कोणत्या जमातीचे?’ ‘कोणत्या मसलकचे?’ ‘यूपी-बिहारचे तर नाही?’ एकटी मुलगी असेल तर ‘वालिद बरोबर राहणार का?’ दलित विद्यार्थ्याने विचारले तर आपल्याकडेही खोली नुकतीच गेलेली असते. चहा मात्र आपणही देतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमानांना घर मिळत नाही याची नोंद आली तेव्हा आपण तो अहवाल उंचावून दाखवला, आणि ते योग्यच होते. २०१५ मध्ये सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत पाहणी करून दाखवले की भाड्याचे घर शोधताना मुसलमानाला आणि दलिताला नावावरून नकार मिळतो. त्या पाहणीत आपण आणि दलित एकाच रांगेत आहोत. प्रत्यक्ष मोहल्ल्यात आपण त्या रांगेतल्या माणसाला ओळख दाखवतो का?

जुन्या मुंबईत कोकणातल्या गावांच्या खोल्या असत. गावकीने घेतलेली एक खोली, तिच्यात गावाहून नोकरीला, आगबोटीवर जायला, शिकायला आलेली माणसे रांगेने वळकट्या टाकून झोपत. हिंदूंच्या होत्या, आपल्या होत्या. गोव्याच्या ख्रिश्चनांचे कूड तर धोबी तलावाला प्रसिद्धच आहेत. त्याही खोल्या फक्त आपल्या गावच्या माणसासाठी असत, परक्याला तिथे जागा नव्हती. मग त्या आणि आजची सोसायटी यांत फरक काय, असे एका विद्यार्थ्याने मला विचारले. प्रश्न चोख होता. मी त्याला म्हटले, ज्याला शहरात कुठेच जागा नाही त्याने चार भिंती मिळवून आपल्या माणसाला ओढून घेणे ही एक गोष्ट, आणि ज्याच्याकडे शहर आहे त्याने ते वाटून द्यायला नकार देणे ही दुसरी. त्याचे समाधान झाले नाही. ‘आता मुंब्र्यात आपल्याकडे चार भिंतींपेक्षा जास्त आहे, काका,’ तो म्हणाला. हे खरे आहे.

सच्चर समितीने समान संधी आयोग सुचवला होता. प्रा. माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने २००८ मध्ये त्याचा आराखडाही दिला. आयोग काही उभा राहिला नाही, आणि खासगी घर नाकारण्याला आळा घालणारा सर्वसाधारण कायदाही देशात नाही. कायदा आला तर मी त्याचे स्वागत करीन, पण त्याची वाट पाहत जुलै थांबत नाही. विद्यापीठाला एक साधे काम करता येईल. वसतिगृहाच्या यादीत नाव न लागलेल्या मुलांसाठी आसपासच्या भाड्याच्या खोल्यांची नोंदवही ठेवावी, आणि तीत नाव नोंदवायचे तर मालकाने धर्म आणि जात विचारायची नाही एवढी एकच अट घालावी. बाहेरच्या पुष्कळ विद्यापीठांत अशी कचेरी असते. तिच्यामुळे सगळी दारे उघडणार नाहीत. पण कुठली दारे वाजवायची हे तरी मुलाला कळेल, आणि दलालाच्या वहीत नावापुढे ज्या खुणा केलेल्या असतात त्यांवर त्याला अवलंबून राहावे लागणार नाही.

अशी नोंदवही निघाली तर पहिली नोंद आपल्या वस्तीतून व्हावी असे मला वाटते. कुर्ल्यात माझ्या माहितीत एक वयस्क खाला आहेत. त्यांच्या माळ्यावरच्या खोलीत तीन वर्षे महाडकडचा एक बौद्ध मुलगा राहत होता, त्याच्याबरोबर सिंधुदुर्गातला एक मराठा. मोहल्ल्यात चर्चा झाली होती, एक-दोघे समजावायलाही आले होते. मी त्यांना विचारले, ‘खालाजान, तुम्ही त्यांना कसं काय ठेवलंत?’ माझी अपेक्षा होती त्या काही दीनइमानाचे बोलतील. त्या म्हणाल्या, ‘भाडं पाच तारखेच्या आत देतात. नळाला पाणी चार वाजता येतं, माझे गुडघे चालत नाहीत, ते पिंप भरून ठेवतात. आणखी काय पाहायचं?’ मग जरा थांबून त्यांनी तक्रारही केली की मराठ्याचा पोरगा चपला जिन्यात सोडतो, दहादा सांगून ऐकत नाही.